जुन्या फियाट स्पायडरला शर्यतीत पळवायचं, तेही कमी पैशांत

फियाट १२४ स्पायडरचं १७५६ सीसीचं इंजिन युरोपात विकलं जायचं तेव्हा त्याची ताकद ११८ अश्वशक्ती सांगितली जायची. तेच इंजिन अमेरिकेतल्या गाडीत बसलं की आकडा ऐंशी-नव्वदच्या दरम्यान यायचा. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या, तो फरक वजा केला तरी बरीच तूट उरते. ब्लॉक तोच, ८४ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच, ७९.२ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच. धुराचे नियम पाळायचे म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट आवळलं जातं ते प्रमाण) उतरवलं, ठिणगी उशिरा पडेल असं टाइमिंग ठेवलं, एक्झॉस्टचा रस्ता आवळला. शिवाय या गाड्यांना आता चार-पाच दशकं झालीत. तेवढ्या काळात गंज, कडक झालेलं रबर आणि अर्धवट दुरुस्त्यांनी आणखी काही खाल्लेलं असतं.

म्हणून अशी गाडी कमी पैशांत शर्यतीला तयार करताना माझा क्रम सरळ आहे. गाडीनं वाटेत गमावलेली ताकद आधी परत मिळवायची, मग ती थांबेल आणि वळेल हे बघायचं, आणि इंजिन ‘वाढवणं’ अगदी शेवटी. बहुतेक जण हे नेमकं उलटं करतात, कारण मोठा कार्ब्युरेटर मित्रांना दाखवता येतो. ताजं ब्रेक ऑइल कुणाला दाखवणार?

गाडीची थोडी ओळख करून देतो. १२४ स्पायडर १९६६च्या तोरिनो मोटर शोमध्ये आली. बॉडी पिनिनफरिनाची आणि इंजिन ऑरेलियो लांप्रेदी यांचं. हे लांप्रेदी आधी फेरारीकडे मोठी व्ही-१२ इंजिनं करत होते. फियाटमध्ये त्यांनी सामान्य माणसाच्या गाडीसाठी दोन कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं), दातेरी पट्ट्यावर चालणारं चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं. सुरुवात १४३८ सीसीनं झाली आणि ते वाढत १९९५ सीसीपर्यंत गेलं. याच घराण्यातल्या इंजिनावर फियाट १३१ आबार्थनं १९७७, १९७८ आणि १९८० साली जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं. म्हणजे मूळ लोखंड चांगलं आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअर आणि टनाच्या आसपास वजन, हे सगळं कारखान्यातूनच मिळतं. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या काळच्या आल्फा रोमिओलाही लागू पडतं. फरक असेल तिथं सांगेन.

आधी गमावलेलं शोधा

पहिलं काम म्हणजे चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत आवळलेल्या हवेचा दाब, मोजणं. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चौघांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग झिजल्यात. नाही आला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, किंवा गॅस्केट गेलंय. हे कळल्याशिवाय पुढचा एक पैसाही खर्च करू नये.

मग व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे कॅमशाफ्ट आणि त्याखालचं व्हॉल्व्ह दाबणारं टॅपेट यांच्यातली फट. लांप्रेदींनी इथं मेकॅनिकवर उपकार केलेत. क्लिअरन्स ठरवणारी चकती, म्हणजे शिम, टॅपेटच्या वर बसते. टॅपेट दाबून धरायचं हत्यार असेल तर कॅमशाफ्ट न काढता शिम बदलता येते. आल्फाच्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात हीच शिम टॅपेटच्या खाली असते, त्यामुळे कॅमशाफ्ट उचलावाच लागतो. म्हणून आल्फाचे मालक हे काम पुढे ढकलत राहतात, आणि क्लिअरन्स संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होऊन जळतो.

तिसरी तपासणी इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो. एकानं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि दुसऱ्यानं कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघायचं. फुलपाखरू, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती, पूर्ण उभं राहतंय का? लिंकेजचे बुश झिजलेले असतात, पेडलखाली जाड गालिचा असतो, कुठला तरी दांडा वाकलेला असतो, आणि गाडी कित्येक वर्षं तीन-चतुर्थांश थ्रॉटलवरच पळत असते. स्पायडरच्या दोन नळ्यांच्या वेबर कार्ब्युरेटरमध्ये दुसरी नळी नंतर उघडते, तीही शेवटपर्यंत उघडायला हवी.

ठिणगीकडे जरा जास्त लक्ष द्या. जुन्या इटालियन गाड्यांचं वायरिंग बदनाम आहे. ते सगळंच खरं नाही, पण अर्थिंगबाबत आणि फ्यूजच्या डबीबाबत खरं आहे. बॅटरीला साडेबारा व्होल्ट असताना कॉइलपाशी दीड-दोन व्होल्ट कमी पोचत असतील, तर वरच्या आवर्तनांना, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे घेत असताना, ठिणगी मिणमिणती होते. इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी नवी घाला, टोकं घासून चकचकीत करा आणि कॉइलला रिलेमधून थेट वीज द्या. याला जवळजवळ काही खर्च येत नाही. जुन्या स्पायडरमध्ये पॉइंटवाला डिस्ट्रिब्यूटर असतो, तर उत्तरार्धातल्या २००० सीसीच्या गाड्यांत मॅग्नेती मारेल्लीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. भंगारातल्या गाडीतून तसा संच मिळाला तर बसवायला हरकत नाही. पॉइंटचा त्रास संपतो आणि टाइमिंग लांबच्या शर्यतीतही जागेवर राहतं.

टाइमिंगचा प्रश्न अमेरिकन गाड्यांत खास असतो. ठिणगी पडल्यावर मिश्रण जळून दाब शिगेला पोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या काही अंश आधीच ठिणगी पाडावी लागते, आणि आवर्तनं वाढतील तसं हे ‘आधी’ वाढवावं लागतं. धूर स्वच्छ ठेवण्यासाठी अनेक गाड्यांत ते मुद्दाम कमी केलेलं असतं. अशा दोन व्हॉल्व्हच्या, अर्धगोलाकार दहनकक्षाच्या इंजिनाला पूर्ण वेगात साधारण पस्तीस अंशांच्या आसपास लागतात. नेमका आकडा त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि इंधन बघून ठरवायचा. टाइमिंग लाइट लावा, दोन-दोन अंशांनी पुढे जा आणि प्रत्येक वेळी स्पार्क प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर चमकदार बारीक ठिपके दिसले तर इंजिनात ठोका बसतोय, लगेच मागे या. ठोका बसत असताना हट्टानं पळवलेलं इंजिन पिस्टनला भोक पाडून देतं.

१९८०नंतरच्या अमेरिकन स्पायडरला बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे. त्यात येणारी हवा एका झडपेनं मोजली जाते. झडपेच्या पुढचा रबरी पाइप चिरला की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि लोक कॉम्प्युटरला दोष देतात. आधी तो पाइप वाकवून, ताणून बघा. ज्यांची आल्फा अमेरिकन बाजारातली आहे त्यांच्याकडे स्पिका कंपनीचा यांत्रिक इंजेक्शन पंप असेल. तो काढून त्या जागी वेबर बसवायची जुनी हौस आहे. माझं मत विचाराल तर तो पंप नीट लावला तर ताकदीत कुठेही कमी पडत नाही. त्याचा तापमान ओळखणारा भाग बिघडला की मिश्रण कायम घट्ट राहतं आणि पंपाची बदनामी होते. तेवढा भाग बदलणं चार नव्या नळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त.

थांबता आलं पाहिजे

हजार किलोची गाडी ताशी १५० किमीवरून ६० वर आणायची तर सुमारे सात लाख तीस हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. दोन लिटर गार पाणी उकळायला लागते त्याहून ही थोडी जास्तच आहे. ती चार डिस्कना तीन-चार सेकंदांत पोटात घ्यायची असते, आणि हे दर फेरीत चार-पाच वेळा. एका डिस्कचं वजन चार किलो धरलं तर प्रत्येक ब्रेकला डिस्कचं तापमान सरासरी शंभर अंशांनी चढतं. पुढच्या डिस्कचं त्याहून जास्त, कारण भार पुढे जातो. मधल्या सरळ रस्त्यावर जेवढी उष्णता हवेत गेली तेवढीच गेली, बाकी साठत जाते.

ही उष्णता दोन ठिकाणी दगा देते. पॅडचं मटेरियल ठरावीक तापमानापुढे पकड सोडतं, हे पहिलं. अशा वेळी पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरं, कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं. ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. तेच हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की नियमानं १५५ अंशांपर्यंत खाली आलेलंही चालतं. रस्त्यावर ठीक आहे, शर्यतीत नाही. शर्यतीसाठीच्या ब्रेक ऑइलची तीनशे अंशांवरची बाटली आणि चांगले पॅड हा या लेखातला मला सर्वात योग्य वाटणारा खर्च आहे.

ते घालण्याआधी मागचे कॅलिपर उघडा. हँडब्रेकची यंत्रणा त्यांच्यातच आहे आणि ते जाम होण्याची या गाडीला सवयच आहे. मागचे ब्रेक काम करत नसतील तर पुढच्यांवर सगळा बोजा पडतो आणि तुम्ही उगाच पुढे मोठ्या डिस्क शोधत बसता. जुने रबरी होज आतून फुगतात, तेही बदला. स्पायडरच्या डिस्क भरीव असतात, मध्ये हवेला वाट नसते. त्यामुळे पुढच्या बंपरपासून जाड लवचीक नळी टाकून हवा डिस्कच्या आतल्या बाजूवर सोडली की मोठा फरक पडतो.

अमेरिकेत ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची शर्यतमालिका आहे. जे लॅम यांनी २००६ साली सुरू केलेली, नाव फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीची टर उडवणारं, आणि गाडी ५०० डॉलरची असावी ही मूळ अट. त्या ५०० डॉलरमध्ये सुरक्षेचा खर्च धरत नाहीत, आणि ब्रेक, चाकं, टायरही सुरक्षेतच मोजतात. थट्टेखोर आयोजकांनी हा एक नियम मात्र पूर्ण गांभीर्यानं केलाय. परीक्षकांना वाटलं की तुम्ही खर्च लपवलाय, तर दंडाच्या फेऱ्या लागतात. तिथलं सर्वात मानाचं बक्षीस पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. जी गाडी एवढं अंतर कापेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला ते मिळतं. जुन्या इटालियन गाड्या तिथं आवडीनं का आणतात, हे वेगळं सांगायला नको.

काढून टाकलेलं कधी बिघडत नाही

१९६५ साली आल्फा रोमिओनं जुलिया स्प्रिंट जीटीपासून जीटीए ही शर्यतीची गाडी केली. नावातला ‘ए’ हलकं केल्याचा. बाहेरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे केले, अनावश्यक सगळं काढलं आणि वजन सुमारे साडेनऊशे किलोंवरून ७४५ किलोंवर आणलं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आपल्या खिशाबाहेरचे, पण विचार फुकट आहे.

१०८० किलोची, म्हणजे चालकासकट, नव्वद अश्वशक्तीची गाडी ८० किलोंनी हलकी केली तर वेग घेताना ती साधारण सत्त्याण्णव अश्वशक्तीची असल्यासारखी वागते. इंजिनमधून सात अश्वशक्ती वाढवल्या तर त्या फक्त सरळ रस्त्यावर उपयोगी पडतात. कमी झालेले ८० किलो मात्र ब्रेक लावताना, वळताना, टायर झिजताना, पेट्रोल पिताना, सगळीकडे साथ देतात. १९७५पासूनच्या अमेरिकन स्पायडरना धक्के सोसणारे जाडजूड बंपर आहेत. ते काढले की वजन दोन्ही टोकांवरून जातं, म्हणजे गाडी वळायलाही चपळ होते. मग स्टेपनी, मागची बाकडी, गालिचे, त्यांच्याखालचं डांबरी आवरण, हुडाचा सांगाडा. डांबर खरवडायला बसाल तेव्हा खाली फ्लोअरला पडलेली भोकंही दिसतील. ती शर्यतीआधी दिसलेली बरी. काढायचं नाही ते स्पष्ट सांगतो: दरवाजातल्या आणि बॉडीतल्या आडव्या पट्ट्या, आणि उघड्या गाडीला अनिवार्य असलेला रोलबार किंवा रोलकेज. रोलकेजनं वाढलेलं वजन खुशाल सोसा. काही स्पर्धांत किमान वजनाची अट असते, तीही आधी वाचून घ्या.

आता चालकाकडे वळू. फियाटच्या छोट्या गाड्यांना सायलेन्सर आणि ट्यूनिंगचे संच विकून नाव कमावलेल्या कार्लो आबार्थ यांनी १९६५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, विक्रमासाठी बांधलेल्या अरुंद गाडीत मावावं म्हणून स्वतःचं वजन जवळपास ३० किलोंनी उतरवलं होतं. सफरचंदं खाऊन, असं सांगतात. स्वस्त ट्यूनिंगचं याहून अस्सल इटालियन उदाहरण मला माहीत नाही.

टायर, शिम आणि कापलेली स्प्रिंग

स्पायडरची मूळ चाकं १३ इंची. बोल्टचं वर्तुळ ४ गुणिले ९८ मिमी. हा खास इटालियन माप-हट्ट. जवळपास तसंच दिसणारं ४ गुणिले १०० मिमीचं चाक जोर लावून बसवता येतं, पण बोल्ट तिरके बसतात. ते करू नका. फियाटच्या आणि लान्चियाच्या इतर गाड्यांची जुनी चाकं शोधा, किंवा यासाठी मिळणारे सरकत्या कॉलरचे खास बोल्ट वापरा.

टायरमध्ये एक छुपा फायदा आहे. मूळ १६५/८० आर १३ टायरचा व्यास सुमारे ५९४ मिमी. त्याजागी १८५/६० आर १३ घातला तर व्यास ५५२ मिमी होतो. पकड वाढते ती वेगळीच. टायर सात टक्के लहान झाला, म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के खालचा झाला. डिफरन्शियलला हात न लावता पिकअप वाढला, आणि गाडी २१ मिमी खाली बसली. बदल्यात वरचा वेग घटतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा. लांब सरळ रस्ते असतील तर आधी गणित करून बघा.

पुढच्या सस्पेंशनमध्ये दोन विशबोन आहेत, आणि खालच्या विशबोनचा आस क्रॉसमेंबरला जिथं बोल्टनं बसतो तिथं पातळ शिम घातलेले असतात. शिम वाढवले की चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कलणं) वाढतो. वळणात बॉडी कलते, तिच्याबरोबर चाकही बाहेर कलतं आणि टायर फक्त बाहेरच्या कडेवर उभा राहतो. आधीपासून चाक आत कललेलं असेल तर नेमकं वळणाच्या वेळी ते सरळ होतं आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकतो. दीड ते अडीच अंशांच्या दरम्यान कुठेतरी तुमच्या टायरचं समाधान होईल. पुढच्या आणि मागच्या बोल्टवर शिम कमी-जास्त केले की कॅस्टरही (स्टिअरिंगच्या आसाचा मागे-पुढे कल) बदलतो. कॅम्बरनंतर टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते, पुन्हा बसवायला विसरू नका.

टायरचं समाधान झालं की नाही हे टायरच सांगतो. टायरच्या खांद्यावर खडूनं आडव्या रेघा मारा, काही फेऱ्या मारा आणि रेघ कुठवर पुसली गेली ते बघा. त्यावरून हवा कमी-जास्त करा. तापमापक मिळाला तर टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान घ्या. मध्य जास्त गरम म्हणजे हवा जास्त, बाहेरची कड जास्त गरम म्हणजे कॅम्बर कमी.

हे सगळं झिजलेल्या बुशांवर व्यर्थ जातं. विशबोनचे बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या आयडलरचा बुश, मागच्या अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड दांड्याचे बुश, एवढे साधे मूळ मापाचेच पण नवे घातले तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. त्याच वेळी पुढच्या शॉक अब्सॉर्बरचे टॉवर आतून तपासा, ते गंजण्यासाठी प्रसिद्ध आहेत. क्रॉसमेंबरला तडे नाहीत ना, हेही बघा. तडा गेलेल्या क्रॉसमेंबरवर शर्यतीचे टायर म्हणजे संकटाला आमंत्रण.

स्प्रिंग कापण्याला नाकं मुरडली जातात, पण भौतिकशास्त्राची त्याला हरकत नाही. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठातला एक वेढा कापला तर ती चौदा टक्के कडक होते आणि गाडीही खाली येते. अटी दोन. गॅसनं नाही, ग्राइंडरच्या चकतीनं कापायची, कारण उष्णतेनं पोलादाचा पीळ जातो. आणि एकदम एक वेढा नाही, अर्धाच. मग बसवून बघायची. स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात घालू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते. जास्त खाली नेण्याचाही तोटा आहे. खालच्या विशबोनचं चाकाकडचं टोक वर गेलं की गाडीचं रोल सेंटर (वळणात बॉडी ज्याभोवती कलते तो बिंदू) झपाट्यानं खाली उतरतं आणि कडक स्प्रिंग असूनही ती पूर्वीपेक्षा जास्त कलते. दिसायला झकास, पळायला वाईट.

इंजिन जिवंत ठेवण्याचा खर्च

लांब वळणात सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतलं, ऑइल एका कडेला चढतं. ऑइल ओढणारी पिकअपची नळी उघडी पडली की पंप हवा ओढतो आणि दोन-चार सेकंदांत क्रँकचे बेअरिंग खरवडतात. स्वस्त इलाज म्हणजे सम्प उतरवून आत पिकअपभोवती पत्र्याच्या आडभिंती वेल्ड करणं आणि ऑइल थोडं जास्त भरणं. स्पायडरच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचं मीटर मुळातच आहे, पण शर्यतीत त्याकडे बघायला वेळ नसतो. डोळ्यांसमोर एक मोठा लाल दिवा लावा, दाब पडला की पेटणारा.

पाण्याचं म्हणाल तर रेडिएटर बाहेरून स्वच्छ असून भागत नाही, आत साचलेला गाळ काढायला हवा. या इंजिनाचा थर्मोस्टॅट होज पाइपांच्या मध्ये, बाहेर बसतो आणि त्यात परतीची वाटही असते. ‘गरम होतंय’ म्हणून तो नुसता काढून टाकला तर पाणी रेडिएटर टाळून आखूड वाटेनं फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते. नवा घाला.

आणि पट्टा. टाइमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, गाडी कुणीही ‘नुकताच बदललाय’ म्हणून विकली असली तरी नवा. पट्टा तुटला किंवा दात सरकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. हाच पट्टा खालचा सहायक शाफ्टही फिरवतो, आणि त्याचीही खूण जुळवावी लागते. यांत्रिक पेट्रोल पंप चालवणारा त्याचा उंचवटा चुकीच्या जागी आला तर काही इंजिनांत कनेक्टिंग रॉडला लागू शकतो. पट्टा बसवल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्यानं हातानं दोन वेळा पूर्ण फिरवून बघा.

आता इंजिन

एक्झॉस्टपासून सुरुवात करा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे पहिला आणि चौथा सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या पूर्ण फेरीच्या अंतरावर पेटतात, तसेच दुसरा आणि तिसरा. या जोड्या एकत्र आणल्या तर एकाचा धूर दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमध्ये घुसत नाही. कारखान्यानं काही वर्षं दोन तोंडांचा ओतीव मॅनिफोल्ड दिला होता, तो नेमका अशाच जोड्या करतो. नंतरच्या अमेरिकन गाड्यांत एकच तोंड आलं. जुना दुतोंडी मॅनिफोल्ड आणि त्याचा दुहेरी पाइप सेकंडहँड मिळाला तर लाखमोलाचा. वेल्ड करून बनवलेल्या हेडरइतकाच कामाचा, शिवाय तडकत नाही.

कार्ब्युरेटरमध्ये मोठं ते चांगलं, ही समजूत पैसे खाते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा वेगानं जाते तेव्हा दाब कमी होतो आणि त्या ओढीनं पेट्रोल जेटमधून वर येतं. गळा मोठा केला की वरच्या आवर्तनांना जास्त हवा मिळते, पण खालच्या आवर्तनांना हवेचा वेग मंदावतो, ओढ कमी पडते आणि गाडी वळणातून बाहेर पडताना अडखळते. १७५६ किंवा १९९५ सीसीच्या बऱ्यापैकी मूळ इंजिनाला एकच वेबर ४० आयडीएफ पुरतो. दोन बसवायचे तर कॅमशाफ्टपासून सगळं बदलावं लागतं. सेकंडहँड घेताना थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, तिथं खेळ असेल तर हवा आत शिरते आणि ट्यूनिंग कधीच जुळत नाही. जेट बदलताना एका वेळी एकच बदला. आणि फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी नीट ठेवा. लांब वळणात इंजिन दम सोडतं तेव्हा दोष बऱ्याचदा जेटचा नसतो, कडेला सरकलेल्या पेट्रोलचा असतो.

कॉम्प्रेशनचं गणित करून बघू. १७५६ सीसीच्या एका सिलिंडरचं आकारमान ४३९ सीसी. समजा कॉम्प्रेशन ८ आहे, म्हणजे दहनकक्ष सुमारे ६३ सीसीचा. ते ९ करायचं तर कक्ष ५५ सीसीचा हवा, आठेक सीसी कमी. ८४ मिमीच्या बोअरवर याचा अर्थ हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, दीड मिमीच्या आसपास फेस करणं, म्हणजे तासून कमी करणं. एवढं करून मिळतं काय? एका अंकानं कॉम्प्रेशन वाढलं की ताकद साधारण तीन-चार टक्क्यांनी वाढते. नव्वदवर तीन अश्वशक्ती. हेड काढणं, लेथवाल्याचं काम, गॅस्केट, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर घटल्याची धास्ती. शिवाय हेड खाली आल्यानं कॅमशाफ्ट क्रँकच्या थोडे मागे पडतात, ते जुळवायला सरकती पुली लागते. हेड दुसऱ्या कारणानं काढलंच असेल तर जरूर करा, मुद्दाम काढण्याइतकं ते मोलाचं नाही. त्यापेक्षा युरोपियन बाजारातल्या गाडीचे उंच माथ्याचे पिस्टन आयते मिळाले तर ते घालावेत.

फ्लायव्हील हलकं करण्याचा सल्ला हमखास मिळेल. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील अंदाजानं लेथवर चढवून कापलं तर ते फुटू शकतं, आणि ते चालकाच्या पायांजवळ फिरत असतं. जाणकार नसेल तर हात लावू नका.

शेवटी आवर्तनांची मर्यादा. १७५६ सीसीच्या इंजिनात ६५०० आवर्तनांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटर होतो. १९९५ सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिमी असल्यानं त्याच आवर्तनांना तो साडेएकोणीस मीटर होतो. म्हणून मोठं इंजिन लहानाइतकं पिळू नये. कनेक्टिंग रॉडवरचा ताण आवर्तनांच्या वर्गानं वाढतो: ६५००वरून ७००० म्हणजे सोळा टक्के जास्त. मूळ कॅमशाफ्ट असताना तिथं ताकद वाढतही नाही, उलट घसरू लागलेली असते. शिफ्ट लाइट ६२०० किंवा ६३००वर लावा आणि पुढचा गिअर टाका.